चिमणाबाई कोणत्या? जुन्या मराठी मजकुरातली नावं हुडकण्याची आणि नेमकी लावण्याची रीत

रावपुऱ्यातल्या घड्याळाच्या मनोऱ्याला बडोद्यात कुणी चिमणाबाई टॉवर म्हणतं, कुणी नुसतंच ‘टॉवर’. तो १८९६ साली बांधून झाला, सयाजीराव तिसरे यांच्या पहिल्या राणीच्या आठवणीसाठी. त्या राणी, चिमणाबाई, १८८५ सालीच गेल्या होत्या. हे मला शाळेपासून पाठ आहे. तरीही घरातल्या जुन्या स्मरणिका, पत्रं आणि कात्रणं यांची नामसूची करायला बसलो तेव्हा ‘चिमणाबाई’ या एकाच नोंदीखाली मी २३ उल्लेख कोंबले. आत्यानं कागद हातात घेतला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि विचारलं, “काय रे, ८५ साली गेलेली बाई २७ साली महिला परिषदेची अध्यक्ष कशी झाली?”

चिमणाबाई दोन. पहिल्या तंजावरच्या, माहेरचं नाव लक्ष्मीबाई. दुसऱ्या देवासच्या, माहेरचं नाव गजराबाई, आणि १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या त्या ह्या. सासरी आल्यावर दोघींना एकच नाव मिळालं. माझ्या यादीत नाव बरोबर सापडलं होतं, माणूस चुकला होता.

ही दोन कामं वेगळी आहेत आणि ती वेगळीच ठेवायची. मजकुरातला कोणता तुकडा नाव आहे हे हुडकणं हे एक काम. ते नाव जगातल्या कोणत्या व्यक्तीचं, गावाचं किंवा संस्थेचं आहे हे ठरवणं हे दुसरं. संगणकवाले पहिल्याला विशेषनाम-ओळख म्हणतात, दुसऱ्याला नावांची उकल किंवा जोडणी. पहिल्याला भाषेची जाण पुरते. दुसऱ्याला इतिहास, भूगोल आणि थोडी नातेवाईकांची माहिती लागते. दोन्ही एका बैठकीत उरकायला गेलात तर माझ्यासारखी गत होते. खाली सांगतो ती रीत वही-पेन्सिलीनं काम करणाऱ्यालाही चालते आणि संगणकाला शिकवण्यासाठी मजकूर तयार करणाऱ्यालाही.

आधी कागदाची तारीख

नावाला हात लावण्याआधी प्रत्येक कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवा: केव्हाचा, कुठे लिहिलेला, कुणी कुणाला. तारखेवाचून बडोद्याच्या कागदातला ‘महाराज’ हा शब्द कुणावरही बसतो.

आमच्याकडच्या कागदांत शके असतं, संवत असतं, क्वचित इसवी सन असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत, म्हणजे जानेवारी ते गुढीपाडवा, ७९ मिळवायचे. गुजरातेतला संवत मात्र कार्तिकात, दिवाळीनंतर बदलतो. म्हणून कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करायचे आणि जानेवारीपासून पुढच्या आश्विनापर्यंत ५६. उत्तरेकडचा संवत चैत्रात बदलतो. तिकडचा हिशेब इथे लावला तर काही महिन्यांच्या कागदांचं वर्ष एकानं चुकतं.

एका वर्षानं काय बिघडतं? १८७५ घ्या. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी त्या वर्षी एप्रिलमध्ये गादीवरून दूर केलं आणि २७ मे रोजी खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गोपाळ नावाच्या मुलाला दत्तक घेऊन त्याचं नाव सयाजीराव ठेवलं. नुसतं ‘शके १७९७’ लिहिलेल्या कागदात ‘महाराजांचा हुकूम’ असेल तर महाराज कोण ते महिना कळल्याशिवाय सांगता येत नाही. बरं, सयाजीराव तेव्हा बारा वर्षांचे. पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले १८८१ च्या डिसेंबरात. मधल्या काळातल्या हुकमामागे डोकं असायचं दिवाण टी. माधवराव यांचं.

त्यामुळे पहिला उद्योग म्हणून पदांचं एक वेळापत्रक करून भिंतीवर लावा. माझ्या भिंतीवर गादीचा रकाना असा आहे: सयाजीराव दुसरे १८१९ ते १८४७, गणपतराव १८५६ पर्यंत, खंडेराव १८७० पर्यंत, मल्हारराव १८७५ पर्यंत, सयाजीराव तिसरे १९३९ पर्यंत, मग प्रतापसिंहराव. दिवाणांच्या रकान्यात १८७४ च्या सुमाराचे दादाभाई नौरोजी आहेत (हो, तेच), १८७५ ते १८८२ टी. माधवराव, १९०९ साली रमेशचंद्र दत्त, १९१६ पासून मनुभाई मेहता आणि १९२७ ते १९४४ व्ही. टी. कृष्णम्माचारी. ‘दिवाणसाहेब’ दिसलं की मी आधी भिंतीकडे पाहतो, मग मजकुराकडे.

मजकूर थोडा धुऊन घ्या

इथे फार वेळ घालवू नका, पण टाळूही नका. स्कॅन करून अक्षरओळख लावलेल्या मजकुरात ब-व, भ-म, घ-ध, थ-य यांची अदलाबदल होते. ‘बडोदे’चं ‘वडोदे’ होतं, आणि आपल्याला वाटतं लेखक वडोदरा म्हणू पाहत होता. ‘बँक’ आणि ‘बॅंक’, अर्धचंद्राचा ‘अ‍ॅ’ आणि ‘ॲ’, ‘ऱ्या’मधला र हे डोळ्यांना सारखेच दिसतात पण संगणकाला वेगवेगळे वाटतात, म्हणून सगळीकडे एकच रूप करून घ्या. मूळ कागदातलं लेखन मात्र पुसायचं नाही. ‘गाईकवाड’ असेल तर ‘गाईकवाड’च ठेवा, सुधारलेलं रूप शेजारच्या रकान्यात.

नाव हुडकणं

इंग्रजीत मोठं अक्षर दिसलं की निदान संशय तरी येतो. देवनागरीत मोठं अक्षरच नाही. त्यामुळे नाव आणि साधा शब्द एकाच वेषात उभे असतात. बडोद्यानं देशाला दोन यष्टिरक्षक दिले, किरण मोरे आणि नयन मोंगिया. दोघांचीही पहिली नावं शब्दकोशात सापडतात. आशा, संध्या, प्रकाश, विजय, माया, सागर यांचंही तेच. शब्दाकडे पाहू नका, त्याच्या संगतीकडे पाहा. ‘आशाला विचार’, ‘प्रकाश म्हणाला’, ‘संध्याकडे जा’ इथे क्रियापद माणूस मागतं. ‘आशा सोडली’ इथे थांबून विचार करावा लागतो, कारण कुणी आशाला स्टेशनवर सोडलंही असेल. पण मग मराठीत ‘आशाला सोडलं’ म्हटलं असतं. मराठीत जिवंत माणूस कर्म असला की त्याला बहुधा ‘ला’ लागतो, वस्तूला किंवा भावनेला लागत नाही. हा एक नियम माझ्या कामातले निम्मे संशय मिटवतो.

खरी डोकेदुखी प्रत्ययांची. नाव मजकुरात मूळ रूपात क्वचितच भेटतं: सयाजीरावांनी, बडोद्यातल्या, रावपुऱ्याहून, मांडवीपर्यंतच्या. खूण करताना प्रत्ययासकट पूर्ण शब्दावर करा आणि मूळ रूप वेगळ्या रकान्यात लिहा. ‘बडोद्यात’चं मूळ ‘बडोदे’ की ‘बडोदा’ हे त्या शब्दावरून कधीच कळत नाही, कारण दोन्हींचं सामान्यरूप एकच. म्हणून मूळ रूपाच्या रकान्यात काय लिहायचं हे आधीच ठरवा. मी ‘बडोदे’ लिहितो.

प्रत्यय कापण्याचं काम संगणकावर सोपवलंत तर नजर ठेवा. ‘त’ कापायला सांगितलं की तो सुरतेचं ‘सुर’ करतो आणि गुजरातचं ‘गुजरा’. ‘ला’ कापायला सांगितलं की शीलाबाईंची नुसती ‘शी’ उरते. कापण्याआधी ज्ञात नावांची यादी तपासायला लावा, मग काप.

सामान्यरूपामुळे होणारा सगळ्यात सुंदर घोळ मला आमच्याच एका वहीत सापडला: ‘आपट्यांची पाने आणून ठेवली.’ दसऱ्याची तयारी चालली आहे की आपटे नावाच्या गृहस्थांच्या हस्तलिखिताची पानं कुणी आणून दिली? पुढच्याच ओळीत छापखान्याचा हिशेब होता, म्हणून सुटलो.

मग आदरार्थी बहुवचन. ‘बडोदेकरांनी’ हा शब्द घ्या. हे गावातल्या लोकांचं वर्णन असू शकतं आणि एका व्यक्तीचं आडनावही. गायिका हिराबाई बडोदेकर यांचं आडनाव तेच. जन्म मात्र मिरजेचा. ‘बडोदेकरांनी मैफल रंगवली’ म्हणजे हिराबाई, ‘बडोदेकरांनी गर्दी केली’ म्हणजे गावकरी. मैफल एकटीला रंगवता येते, गर्दी एकटीला करता येत नाही. ‘बडोदेकरांनी दाद दिली’ मात्र दोन्हीकडे बसतं, आणि तिथे मागची-पुढची दोन वाक्यं वाचल्याशिवाय पेन्सिल लावू नये. सगळ्या ‘-कर’ आडनावांना ही तपासणी लागू आहे.

नावाची हद्द कुठपर्यंत? ‘श्रीमंत सरकार सयाजीराव महाराज गायकवाड सेनाखासखेल समशेरबहादूर’ यातलं किती नाव आणि किती बिरुद? कोणताही नियम घ्या, पण एकदाच घ्या आणि पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझा नियम: मान दाखवणारे शब्द (श्रीमंत, सर, रा. रा., महाराज) खुणेच्या बाहेर, पद वेगळ्या खुणेनं, नाव आणि आडनाव आत. पण मधे बिरुद येऊन नाव तुटत असेल तर सगळंच आत.

नावाच्या पोटात नाव ही बडोद्याची खासियत. ‘महाराजा सयाजीराव विद्यापीठ’ यात व्यक्ती आहे, ‘बँक ऑफ बडोदा’ यात गाव आहे, ‘खंडेराव मार्केट’मध्ये राजा आहे, ‘विजय हजारे करंडक’ यात बडोद्याकडून खेळलेला फलंदाज आहे. सर्वांत लांब नाव धरा: विद्यापीठ, बँक, मार्केट, करंडक. आतल्या नावाची नोंद हवी असेल तर ती दुसऱ्या पातळीवर. हे न केल्यास भाजी आणायला खंडेराव मार्केटात गेलेला प्रत्येक माणूस तुमच्या सूचीत १८७० साली वारलेल्या राजाला भेटून येतो. ‘सयाजीविजय’ हे वर्तमानपत्र होतं. ‘सयाजीविजयात छापून आले’ यातून सयाजी आणि विजय असे दोघे गृहस्थ काढणारा संगणक मी पाहिला आहे.

प्रकार ठरवणं

व्यक्ती, स्थळ, संस्था आणि इतर हे चार प्रकार जगभर चालतात. ‘नेम्ड एंटिटी’ हा इंग्रजी शब्द अमेरिकेतल्या माहिती-उपसा स्पर्धांतून १९९५ च्या सुमारास रूढ झाला आणि चार कप्प्यांची ही पद्धत नंतर २००३ च्या एका गाजलेल्या संचानं पक्की केली. आपल्या जुन्या कागदांसाठी मी पाचवा प्रकार घेतो: पद. दिवाण, रेसिडेंट, सुभा, खासगी कारभारी. वरच्या वेळापत्रकामुळे पदावरून माणूस सापडतो, म्हणून ते टाकून देणं परवडत नाही.

प्रकार शब्दावरून नाही, वाक्यातल्या कामावरून ठरवा. ‘बडोद्याला पाऊस झाला’ हे स्थळ. ‘बडोद्यानं २००१ साली रणजी करंडक जिंकला’ हा क्रिकेटचा संघ. ‘बडोद्यानं सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं’ हे संस्थानाचं सरकार. आणि ‘बडोद्यात खातं आहे’ असं कुणी म्हणालं तर बँक की शहर, हे बँकेचं पासबुक पाहूनच कळेल.

‘न्यायमंदिर’ इतर गावांत कोर्टासाठी वापरलेला भारदस्त शब्द. आमच्याकडे ती एक ठरावीक इमारत आणि तिच्याभोवतीचा बाजार. ‘न्यायमंदिरातून साडी आणली’ असं लिहिणारी बाई कोर्टात गेलेली नाही.

उमेदवारांची यादी

आता दुसरं काम. एकेका नावासमोर ते कुणाकुणाचं असू शकतं त्याची यादी लिहा. उत्तर माहीत आहे असं वाटत असलं तरी निदान दोन उमेदवार लिहायचेच. चिमणाबाईंच्या वेळी मी एवढं केलं असतं तर आत्याचं बोलणं वाचलं असतं.

यादी दोन दिशांनी करावी लागते. एक नाव, अनेक धनी: ‘मांडवी’ म्हणजे बडोद्याच्या जुन्या शहराच्या मधोमध असलेला दरवाजा, कच्छमधलं बंदर, सुरत जिल्ह्यातलं गाव किंवा मुंबईतला भाग. ‘कीर्तिमंदिर’ म्हणजे बडोद्यातलं गायकवाड घराण्याचं स्मारक, ज्यात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, किंवा पोरबंदरचं गांधीजींच्या जन्मस्थानाचं. ‘मल्हारराव’ होळकर की गायकवाड. ‘खंडेराव’ गायकवाड, कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली पडलेले होळकर, की जेजुरीचा देव. ‘फत्तेसिंहराव’ तर एकाच घराण्यात निदान तीन: अठराव्या शतकातले राज्यकर्ते, सयाजीरावांचे १९०८ साली वारलेले युवराज, आणि क्रिकेटशी जोडले गेलेले १९८८ साली वारलेले.

दुसरी दिशा, एक धनी, अनेक नावं: सयाजीबाग म्हणजेच कमाटीबाग. बडोदे, बडोदा, बरोडा, वडोदरा हे एकच शहर. अधिकृत नाव वडोदरा १९७४ पासून, पण १९०८ साली निघालेल्या बँकेनं आपलं बडोदा सोडलं नाही. गोपाळराव आणि सयाजीराव एकच. विद्यापीठाला सगळं गाव ‘एम. एस.’ म्हणतं, आणि घरात कुणी शल्यविशारद असेल किंवा दाक्षिणात्य संगीताचा शौकीन असेल तर त्या दोन अक्षरांचे आणखी दोन अर्थ तयार.

बायकांची नावं लग्नानंतर बदलतात, कधी पहिलं नावही बदलतं. माहेर-सासर दोन्ही रकाने हवेत. पुरुषांत आजोबाचं नाव नातवाला ठेवायची चाल, त्यामुळे एकाआड एक पिढीत अगदी तेच नाव येतं. मधलं, म्हणजे वडिलांचं नाव हाच तिथे आधार. आणि बडोद्यात आणखी एक गंमत: गुजराती दप्तरात आडनाव आधी लिहितात. ‘जोशी माधव गणेश’ आणि ‘माधव गणेश जोशी’ ह्यांना मी पहिल्या आठवड्यात दोन माणसं केलं होतं. शिवाय गुजराती शेजारी त्यांनाच ‘माधवभाई’ म्हणत, म्हणजे तिसरा.

निवड करताना कशाला किती वजन

सगळ्यात जड पुरावा तारखेचा. ‘माधवराव’ हे नाव पेशव्यांचं, शिंद्यांचं आणि टी. माधवरावांचंही. टी. माधवराव १८५७ ते १८७२ त्रावणकोरचे दिवाण होते, मग १८७५ पर्यंत इंदूरला, मग बडोद्याला. १८९१ साली वारले. म्हणजे १८७४ च्या इंदूरच्या पत्रातले ‘दिवाण माधवराव’ आणि १८७९ च्या बडोद्याच्या पत्रातले एकच. गाव बदललं म्हणून माणूस बदलला असं समजायचं नाही. उलट १९०० नंतरच्या कागदात त्यांचं नाव आलं तर ती आठवण असते, उपस्थिती नव्हे.

त्याखालोखाल सोबतीचा पुरावा. परिच्छेदात आणखी कोण आहे? ‘खाँसाहेब’ बडोद्याच्या दरबारात बरेच झाले. अब्दुल करीम खाँ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथून गेले, फैयाज खाँ विसाव्या शतकात आले आणि १९५० साली वारले. शेजारी ताराबाई माने यांचं, म्हणजे अब्दुल करीम यांच्या पत्नीचं, नाव असेल तर अब्दुल करीम. रेडिओचा उल्लेख असेल तर फैयाज खाँ. परिच्छेदातली सगळी नावं एकत्र सोडवा, शब्दकोड्यासारखी. एक पक्कं झालं की दुसऱ्याला अक्षर मिळतं.

एका कागदात एका नावाचा एकच माणूस, हा अंदाज बहुतेकदा खरा ठरतो. पण आजोबा-नातू एकाच घरात असलेल्या पत्रात तो हमखास दगा देतो, म्हणून घरगुती पत्रांत हा नियम मी लावतच नाही.

सगळ्यात हलका पुरावा प्रसिद्धीचा. आणि नेमका तोच आपल्या मनात, आणि संगणकातही, आधी उसळी मारतो. ‘हजारे’ म्हटलं की आज कुणाला उपोषण आठवेल. १९४७ च्या बडोद्याच्या कात्रणात ते विजय हजारे असण्याचा संभव मोठा. ‘गायकवाड’ म्हटलं की राजघराणं आठवतं, पण दत्ताजीराव आणि अंशुमान हे कसोटीपटू बापलेकही गायकवाडच, आणि महाराष्ट्रभर या आडनावाची किती घरं आहेत ते वेगळं सांगायला नको. प्रसिद्ध माणसाकडे कल झुकला की स्वतःला विचारा: लिहिणाऱ्याला कोण जवळचं होतं? आजीच्या पत्रातले ‘अण्णा’ हे वर्तमानपत्रातले अण्णा नसतात.

एक नमुना सोडवून पाहू

हा मजकूर मी उदाहरणासाठी बनवला आहे. समजा पत्र बडोद्याहून, फेब्रुवारी १९२९ चं:

‘काल मांडवीजवळच्या कन्याशाळेत बक्षीस समारंभ झाला. चिमणाबाईसाहेबांच्या हस्ते बक्षिसे वाटली. दिवाणसाहेब दौऱ्यावर असल्याने आले नाहीत. माधवरावांनी आभार मानले. बडोदेकरांनी मोठी गर्दी केली होती. परतताना आशाबरोबर बागेत गेले.’

पहिल्या फेरीत नुसत्या खुणा: मांडवी (स्थळ), चिमणाबाई (व्यक्ती), दिवाण (पद), माधवराव (व्यक्ती), आशा (व्यक्ती, बरोबर जाता येतं म्हणून). ‘बडोदेकर’ गर्दी करतात, म्हणून समूह. ‘कन्याशाळा’ आणि ‘बाग’ ही इथे साधी नामं. खूण नाही, पण समासात प्रश्नचिन्ह.

दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी. मांडवी: पत्र बडोद्याचं, घटना ‘काल’ची, म्हणून इथली. चिमणाबाई: १९२९, म्हणून दुसऱ्या. दिवाण: भिंतीवर पाहा, कृष्णम्माचारी. माधवराव: टी. माधवराव जाऊन ३८ वर्षं झाली. आभार मानतोय म्हणजे शाळेशी संबंधित कुणी. नाव आहे, माणूस अज्ञात. आशा: घरातली, वंशावळीत बघायचं. बाग: कमाटीबाग असावी, पण पत्रात तसं म्हटलेलं नाही, म्हणून जोडणी नाही, फक्त शेरा.

शेवटून तिसऱ्या नोंदीवर थांबा. ‘माधवराव: अज्ञात’ हे उत्तर आहे, उत्तराचा अभाव नव्हे. यादीतला जवळचा उमेदवार ओढून ताणून बसवला की पुढचा वाचक त्यावर इमारत रचतो. अज्ञात माणसालाही स्वतःचा क्रमांक द्या. उद्या दुसऱ्या पत्रात हाच माधवराव त्याच शाळेत भेटला की दोन अज्ञात एक होतात आणि कधीतरी आडनावही हाती लागतं.

तक्ता कसा ठेवायचा

साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक उल्लेखाला एक ओळ, आणि रकाने असे: कागदाचा क्रमांक, मजकुरातलं रूप, मूळ रूप, प्रकार, उमेदवार, ठरलेला क्रमांक, कारण, खात्री. दुसऱ्या पानावर माणसांची आणि जागांची यादी, क्रमांकासह: ‘व्यक्ती ०१४, चिमणाबाई दुसऱ्या, मृत्यू १९५८’. विकिडेटा या २०१२ पासून चालू असलेल्या मुक्त कोठारात प्रत्येक गोष्टीला क्यू अक्षरानं सुरू होणारा क्रमांक असतो. प्रसिद्ध व्यक्तींपुढे तो लिहिलात तर तुमचं काम इतरांच्या कामाला जोडता येतं. आशा आणि माधवराव तिथे नसणार. त्यांना आपलाच क्रमांक.

‘कारण’ हा रकाना कंटाळवाणा आहे आणि तोच सगळ्यात मोलाचा. ‘१९२९, म्हणून दुसऱ्या’ एवढे तीन शब्द पुरतात. सहा महिन्यांनी आपलाच निर्णय आपल्याला परका वाटतो तेव्हा हे तीन शब्द कामी येतात. खात्रीसाठी टक्केवारी लिहू नका. पक्कं, बहुधा, अज्ञात, एवढ्या तीन पायऱ्या बास.

यंत्राला केव्हा बोलवायचं

कागद थोडे असतील तर बोलवूच नका. हजारो पानं असतील तर पर्याय नाही. मराठीसाठी पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटानं ‘महानेर’ हा संच २०२२ साली खुला केला. त्यात हातानं खुणा केलेली २५,००० वाक्यं आहेत. एआय-फॉर-भारतच्या ‘नामपदम्’ संचात मराठीसह ११ भारतीय भाषा आहेत. पण यंत्र आजच्या मराठीवर वाढलेलं असतं. ‘रा. रा.’, ‘चि. सौ. कां.’, ‘श्रीमंत सरकार’ समोर आलं की ते गांगरतं.

म्हणून आधी स्वतःच्या कागदांतली पाच-दहा पानं दोघांनी, एकमेकांचं न बघता, खुणा करून काढा. जिथे दोघांचं जमत नाही तिथे बहुतेक वेळा चूक माणसाची नसते, नियम धूसर असतो, नियम सुधारा. मग तीच पानं यंत्राला द्या आणि मोजा. समजा खरी नावं १२०, यंत्रानं खुणा केल्या ८०, त्यांतल्या बरोबर ६०. तर केलेल्या खुणांपैकी ७५ टक्के बरोबर आणि असलेल्या नावांपैकी ५० टक्केच सापडली. दोन्हींचा मिळून एफ-वन गुण, म्हणजे दोन्हींची हरात्मक (साधी नव्हे) सरासरी, ६० टक्के. सूची करणाऱ्याला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. जादा खूण पुसायला क्षण लागतो; सुटलेलं नाव शोधायला सगळी पानं पुन्हा वाचावी लागतात.

नावाची जोडणी गप्पा मारणाऱ्या नव्या यंत्रांना विचारत असाल तर ‘हे कोण?’ असं विचारू नका. ते आत्मविश्वासानं कुणातरी प्रसिद्ध माणसाचं नाव सांगतात. ‘कोण-कोण असू शकतं आणि मजकुरातल्या कोणत्या शब्दावरून?’ असं विचारा, कागदाची तारीख सोबत द्या, आणि निवड स्वतः करा. उमेदवार आठवून देण्यात यंत्र आपल्याहून सरस आहे. आमच्या दांडिया बाजारातल्या चुलत्यांची लग्नं त्याला माहीत नाहीत.

माझ्या तक्त्यात आज ‘अज्ञात’ शेरा असलेल्या ४१ ओळी आहेत. त्यांची छापील प्रत मी दर दिवाळीला फराळाच्या ताटाशेजारी ठेवतो आणि येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या हातात देतो. गेल्या वर्षी तीन सुटल्या, त्यातली एक ‘बागेतला बापू’, जो माणूस नव्हता, कुत्रा होता. कुत्र्यासाठी प्रकार कोणता धरायचा यावर आत्याचं आणि माझं अजून ठरलेलं नाही. तूर्त ‘इतर’.